अजून

खजुरी बाजारात, वह्यांच्या घाऊक दुकानावर,
लोखंडी जिना चढून गेलं की डावीकडे
सोलंकी सरांचा इंग्रजीचा क्लास. सकाळी सात ते आठ.
आम्ही अकरा जण.
नऊ पोरं, त्यांना कॉल सेंटरला जायचंय,
एक कचोरीवाल्याचा जावई, ज्याचं कॅनडाचं काहीतरी चाललंय,
आणि मी, हेमलता शेवडे,
वीज कंपनीत बिलांच्या खिडकीमागे तेवीस वर्षं.

त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द होता.
येट.

देखो भिया, सर म्हणाले, और मॅडम आप भी,
शब्द छोटा है, पर बैठता है सबसे आखिर में.
बस आली का? नॉट येट.
म्हणजे आली नाही, पण येणार.
जी येणारच नाही, तिला येट लावायचं नाही.
तो फिर पिंक सिटी बस को मत लगाना, मागून कुणीतरी म्हणालं,
आणि पोरं बाक वाजवून हसली.

मी वहीत लिहिलं : येट म्हणजे अजून.
आणि थांबले.
मागच्या सोमवारच्या पानावर माझंच अक्षर :
स्टिल म्हणजे अजून.
आणि अगदी पहिल्या आठवड्यात, पेन्सिलीने,
मोअर म्हणजे – अजून.
त्यांना तीन डबे लागतात.
आपण एकाच डब्यात भरतो
उरलेलं, न आलेलं आणि आणखी हवं असलेलं,
वर चिठ्ठीसुद्धा चिकटवत नाही.

मग ओळीने प्रश्न.
नाश्ता केला का? नॉट येट.
व्हिसा आला का? नॉट येट, जावई म्हणाला,
आणि त्याचा चेहराच येटसारखा झाला,
वाक्याच्या टोकाला अंग चोरून बसलेला.
माझ्यापाशी सर अडले.
पुस्तकातला पुढचा प्रश्न होता, त्यांचा काही दोष नाही.
आर यू मॅरिड?
नो, म्हटलं.
नॉट येट, मॅडम, सर हळूच म्हणाले. पूरा बोलिए.

हा शब्द मला नवा कुठे होता.
इंग्रजीच्या आधीपासून येतोय तो घरी,
देवासच्या आत्याच्या पोस्टकार्डातून,
रामबागेतल्या हळदीकुंकवातून, बांगडीवालीच्या तोंडून
माझा हात तिच्या हातात असताना : अजून नाही?
सव्वीसच्या वर्षी मोठ्याने.
चौतिसाव्या वर्षी आईकडे बघून.
चाळिशीनंतर नुसतंच अजून, आणि पुढे चहाचा घोट.
इतकी वर्षं माझ्या वाक्याच्या शेवटी
लोकांनी एक खुर्ची मांडून ठेवली,
येता-जाता पुसत राहिले तिच्यावरची धूळ.
मी कधीच सांगितलं नव्हतं मांडायला.
मी आपली उभी होते, बरी होते,
संध्याकाळी रेडिओ लावत होते,
पगारातून पैसे साठवून एकटी उटीला जाऊन आले होते,
तिथे थंडी फार.

नो सर, म्हटलं. ओन्ली नो.

पंखा तेवढा खडखडत राहिला.
सरांनी खडू खाली ठेवला, परत उचलला,
फळ्याकडे बघून म्हणाले,
वैसे ग्रामर के हिसाब से ये भी सही है.

आठला सुटून खाली आले.
कोपऱ्यावर मांगीलालची गाडी, पातेल्यावर वाफ,
कागदावर पोहे, वर शेव, कांदा, लिंबाची फोड.
अर्धं गिऱ्हाईक आमच्यातलं, त्यामुळे
कामापुरती मराठी येते त्याला, दोन-चार शब्द.
जिरावनाचा डबा माझ्या पोह्यांवर धरून म्हणाला,
अजून?

अजून, म्हटलं.
त्याने झटकलं.
अजून.
बाई, तिखट लगेगा.
लागू दे की.

पोलोग्राउंडपर्यंत शिंकत गेले.
खिडकी उघडायला सात मिनिटं उशीर झाला,
रांगेतला पहिला माणूस घड्याळ दाखवत होता.